बागेंतील झोळी

सोलापुरांत चैत्र संपून वैशाख लागला कीं, दिवसा पारा ४० अंशांच्या पुढें जातो आणि रात्रीं घराच्या भिंती ऊन ओकूं लागतात. बाहेरची हवा कोरडी असल्यामुळें ती लवकर निवते. पण दगडाविटांत दिवसभर साठलेली धग मध्यरात्र उलटेपर्यंत घरांतून हालत नाहीं. आपल्या वडीलधाऱ्यांनीं यावर एक सोपा उपाय योजिला होता. दिवेलागणीला माळवदावर पाणी शिंपडावें, वर सतरंज्या अंथराव्या आणि चांदण्या मोजीत निजावें. आतां माळवदें बहुतेक गेलीं. त्यांच्या जागीं आलेल्या सिमेंटच्या गच्च्या रात्रींहि तव्यासारख्या तापलेल्या असतात. म्हणून ज्यांच्या घराभोंवतीं चार झाडें आहेत, त्यांच्या मनांत साहजिकच येतें कीं, दोन झाडांच्या मध्यें एक झोळी टांगावी आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळीं तींत अंग टाकावें. श्रोतेहो, ही झोळी निवडावी कशी, एवढ्यापुरतेंच आज मी बोलणार आहें. विषय लहान आहे खरा; पण निवड चुकली तर काय प्रसंग ओढवतो, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

इंग्रजींत जिला हॅमॉक म्हणतात, तिलाच मी झोळी म्हणतों. ही वस्तु अगदींच परकी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोकांचीं सुताच्या जाळीचीं टांगतीं अंथरुणें त्याच्या पाहण्यांत आलीं, आणि ‘हॅमॉक’ हा शब्दहि त्या बेटांवरच्या भाषेंतूनच युरोपांत गेला. परंतु आपल्याकडे शेतांत खुरपणाऱ्या बाईनें जुनेराची झोळी लिंबाच्या फांदीला बांधून तींत मूल निजवावें, सोलापुरांत विड्या वळणाऱ्या मातेनें घराच्या तुळईला साडी बांधून अधूनमधून झोका द्यावा, ही रीत काय आपणांस नवी आहे? नागपंचमीला झाडाला झोका बांधतांना जुन्या बायका आधीं फांदी पारखीत, मग दोर हातीं घेत आणि मगच कोणाला झोक्यावर चढूं देत. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. बाजारांतून झोळी आणणारा शहरी गृहस्थ नेमका याच्या उलट वागतो.

मीहि तसाच वागलों. दोन्ही टोकांना लांकडी दांडी लावलेली, सपाट, रंगीत पट्ट्यांची एक झोळी मला दिसली. तिच्यावर माझें मन बसलें आणि जागेचा कांहींच विचार न करतां ती मीं घरीं आणली. अंगणांत लिंबाचें झाड एकच. दुसरें टोक बांधावयास समोर फाटकाचा विटांचा खांब होता. तो हाताशीं धरला. झोळी मध्यें लोंबूं नये, पलंगासारखी सपाट दिसावी, म्हणून दोर असा ताणला कीं, बोट मारलें तर तो तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजावा. चार दिवस सुखांत गेले. पांचव्या दिवशीं माझा भाचा तींत पडून वाचीत असतां खांबाच्या बुडाशीं करकर असा आवाज झाला. मुलगा दचकून उठला, हें आमचें दैव. वांकून पाहतों तों खांबाला केसाएवढी भेग चहूंकडून फिरलेली. दुसऱ्या दिवशीं गवंड्यानें बाहेरून हात लावून लोटतांच तो खांब आंतल्या बाजूला आडवा झाला. तो जेथें पडला तेथें आदल्या दिवशीं मुलाचें डोकें होतें.

दोष खांबाचा नव्हता, झोळीच्या कापडाचा नव्हता, दोराचाहि नव्हता. तो माझ्या ताणण्याच्या हौसेचा होता. हें कसें, तें समजावयाला पोथी उघडावी लागत नाहीं. परसांतल्या वाळवणाच्या तारेकडे पाहिलें तरी पुरे.

धुतलेली ओली सोलापुरी चादर वाळत घातली कीं तार किती वांकते, हें आपण नेहमीं पाहतों. तार मुळांत सैल असेल तर ती मध्यें बरीच खालीं येते, पण बिघडत कांहीं नाहीं. तीच तार खिळ्यांना कडक ताणून बांधा आणि तीच चादर तिच्यावर टाका. एक तर तार तुटते, नाहीं तर भिंतींतला खिळा उपटून येतो. चादरीचें वजन तर वाढलेलें नाहीं. मग ही ओढ आली कोठून? कारण असें कीं, वजन खालीं ओढीत असतें आणि तें पेलावयाचें तर दोरानें वरच्या दिशेला ओढलें पाहिजे. दोर चांगला उतरता असला म्हणजे त्याच्या ओढीचा बराच भाग या कामीं येतो. तो जवळजवळ आडवा असला तर त्याच्या ओढीचा अगदीं थोडा अंश वजन पेलण्यास उपयोगीं पडतो, आणि बाकीची सारी शक्ति दोन्ही टोकांचे आधार एकमेकांकडे खेंचण्यांत खर्च होते.

याचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. समजा, झोळींत ७० किलो वजनाचा मनुष्य निजला आहे. दोर आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करून उतरत असेल तर प्रत्येक दोरावर ७० किलोंची ओढ येते. तोच कोन १० अंशांचा केला कीं ओढ सुमारें २०० किलो होते, आणि ५ अंशांवर आणला तर ती ४०० किलोंपर्यंत जाते. मनुष्य तोच, झोळी तीच. आपण केवळ दोर ताणून घेतला. शिवाय हीं मापें स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचीं आहेत. कोणी धपकन् अंग टाकलें, किंवा मुलांनीं उंच झोके घेतले, तर भार आणखी वाढतो. विटांचा खांब वरून येणारें ओझें पिढ्यान्‌पिढ्या पेलतो. परंतु अशी आडवी ओढ सोसण्यासाठीं तो बांधलेलाच नसतो.

म्हणून पहिला नियम हा कीं, झोळी सैल टांगावी. ३० अंश मोजावयास कंपासपेटी नको. दोर आडवा दोन हात गेला तर तो एक हात चार बोटें खालीं उतरला पाहिजे, एवढें ध्यानांत धरावें. कापड किंवा जाळी १० फूट लांब असेल तर टांगल्यावर तिच्या दोन टोकांमधील सरळ अंतर सव्वाआठ फुटांच्या आसपास असावें. म्हणजे मध्यें तिला अडीच फुटांचा झोल येतो. दोन झाडांमध्यें १२ फूट अंतर असेल तर दोर साधारण ५ फूट उंचीवर बांधावा. १५ फूट अंतर असेल तर ६ फुटांवर. असें केलें म्हणजे माणूस बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे खुर्चीच्या बैठकीइतका राहतो. नवा दोर आरंभीं कांहींसा लांबतो, म्हणून आठवड्यानें हीं मापें पुन्हां पाहून घ्यावीं. याहून उंच टांगण्याचा मोह धरूं नये. पडावयाचेंच झालें तर दीड फुटावरून पडावें.

दुसरा विचार आधाराचा. झाडाचा बुंधा दोर बांधण्याच्या उंचीवर निदान एक वीत जाड असावा. लिंब, चिंच, आंबा हीं झाडें या कामाला विश्वासू. शेवग्याचा बुंधा दिसावयास कितीहि भरदार असो, त्याचें लांकूड ठिसूळ. त्याच्या भरंवशावर कोणी राहूं नये. गुलमोहर सावली सुंदर देतो, परंतु त्याच्या फांद्या वाऱ्यानें सहज मोडतात. झाड कोणतेंहि असो, आधीं मान वर करून एखादी वाळलेली फांदी डोक्यावर नाहीं ना, तें पाहावें. वळवाच्या वाऱ्यानें असल्या फांद्या प्रथम खालीं येतात. आणि आभाळ गडगडूं लागलें कीं झोळी सोडून तडक घरांत यावें. विजेच्या वेळीं झाडाखालचा निवारा हा निवारा नव्हे.

झाड आपल्याला सांभाळतें, तसें आपणहि झाडाला सांभाळावें. बारीक दोर थेट सालीवर आवळूं नये. पानांनीं तयार केलेलें अन्न सालीच्या आंतल्या थरांतून मुळांकडे जात असतें. दोरानें तो थर चहूंबाजूंनीं चिरडला गेला तर झाड खंगत जातें. म्हणून बुंध्याला दोन इंच रुंदीची भक्कम नवार गुंडाळावी, दोर नवारीला अडकवावा, आणि रात्र संपली कीं दोन्ही सोडून ठेवावीं.

ज्यांच्या अंगणांत एकच झाड आहे, त्यांनीं दुसऱ्या टोकाला लोखंडी खांब पुरावा. पण येथें आपल्या जमिनीचा स्वभाव ओळखला पाहिजे. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातींत पुरलेला खांब दर वर्षीं थोडाथोडा ढिला होतो, आणि तो ढिला झाला आहे हें नेमकें झोळींत निजल्यावर कळतें. यासाठीं खड्डा निदान तीन फूट खणावा आणि काळी माती संपून मुरूम लागल्याशिवाय थांबूं नये. तीन इंच व्यासाचा जाड पत्र्याचा नळ झोळीच्या उलट दिशेला किंचित् कलता उभा करून खड्डा काँक्रीटनें भरावा, त्यावर पंधरवडाभर पाणी मारावें, आणि मगच भार द्यावा. व्हरांड्यांत टांगावयाची असेल तर कडी इमारतीच्या सळईबंद काँक्रीटच्या खांबांत, जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. गच्चीचा कठडा, विटांची भिंत, खिडकीचे गज आणि फाटकाचा खांब, या चौघांना हात जोडून दूर राहावें. जेथें झाड नाहीं आणि खांबहि नाहीं, तेथें झोळीबरोबर मिळणारा लोखंडी घोडा घेतलेला बरा.

आधार ठरला, मापें ठरलीं. आतां झोळीकडे वळूं. बाजारांत तिच्या मुख्यतः तीन जाती दिसतात. पहिली, मला भुलविणारी, दांडीची. ती दुकानांत सर्वांत देखणी दिसते, कारण दांडीमुळें कापड पसरलेलें राहतें. परंतु सपाट राहण्यासाठीं ती ताणावीच लागते. आणि निजणारा तिच्या पोटांत न राहतां पाठीवर राहत असल्यामुळें, जरा कूस बदलली कीं ती उलटते. दुसरी जात जाळीची. मेक्सिकोच्या युकातान प्रांतांतील घरांतून अशा झोळ्या पलंगाऐवजीं वापरतात. बारीक सुताची दाट जाळी अंगाच्या वळणाप्रमाणें पसरते आणि पाठीलाहि वारा लागतो. आपल्या उन्हाळ्याला हिच्याइतकी योग्य दुसरी नाहीं. मात्र जाड दोरीची विरळ जाळी घेऊं नये. अंगावर चौकडी उमटते. जाळींत बटणें, बांगड्या, गळ्यांतली साखळी हीं अडकतात, हा तिचा दोष. तिसरी जात कापडाची, ब्राझील देशांत रूढ असलेली. ती थोडी उबदार असते, पण धुवावयास सोपी आणि मुलांच्या घरांत अधिक निर्धोक.

ज्या गांवांत १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली आणि ती काळाआड गेल्यावरहि पद्मशाली विणकरांच्या हातांनीं मागाचा आवाज टिकविला, ज्या गांवच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालें, त्या गांवच्या श्रोत्यांना कापडाची पारख शिकविणें हें धारिष्ट्य होईल. तरी एक गोष्ट सांगतों. झोळींत जवळजवळ सारा भार लांबीच्या दिशेनें जाणाऱ्या धाग्यांवर येतो. म्हणून झोळीची लांबी नेहमीं ताण्याच्या दिशेनें असावी, बाण्याच्या नव्हे. रुंदी पांच फुटांहून कमी नसावी. तेवढा पन्हा न मिळाल्यास दोन पट्टे जोडावे, पण शिवण उभी, लांबीच्या दिशेनें असावी. आडव्या शिवणीवर सगळा भार टांगला जातो आणि ती उसवली कीं माणूस भुईवर येतो. वापरून विरलेल्या चादरीला दोन टोकांना गांठी मारून तिची झोळी करूं नये. कापड कोठें झिजलें आहे, तें भार पडेपर्यंत दिसत नाहीं.

सूत घ्यावें कीं कृत्रिम धागा, असाहि प्रश्न पुष्कळ जण विचारतात. माझें उत्तर असें कीं, अंगाखालीं सूत असावें आणि दोराला कृत्रिम धागा असावा. सूत घाम टिपतें. नायलॉन अंगाला चिकटतें. उलट काथ्याचा किंवा घायपाताचा दोर नवा असतां कितीहि बळकट वाटला, तरी उन्हापावसांत त्याचा जोर आंतून जातो. पॉलिएस्टरचा १० मिलिमीटर जाडीचा दोर या कामाला पुरेसा होतो. मात्र उन्हानें तोहि कालांतरानें खरखरीत होतो, म्हणून दर हंगामाच्या आरंभीं त्यावरून हात फिरवून पाहावा. सुताची झोळी मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं धुऊन, कडक वाळवून, घरांत टांगून ठेवावी. ओलसर राहिली तर तिला बुरशी धरते, आणि जमिनीवर टाकून दिली तर वाळवी तिचा समाचार घेते.

झोळींत निजण्याचीहि एक रीत आहे. पुष्कळ लोक लांबीला सरळ पडतात, पाठीची कमान होते आणि दहा मिनिटांत ते कंटाळून उठतात. रुंद झोळींत तिरपें निजावें; डोकें एका कांठाकडे, पाय दुसऱ्या कांठाकडे. मग कापड आपोआप पसरतें आणि पाठ जवळजवळ सरळ राहते. बसतांना पाठमोरें उभें राहून दोन्ही हातांनीं कांठ धरावा, प्रथम मध्यभागीं बसावें आणि मग पाय वर घ्यावे. घरांतील वृद्धांना पहिल्यांदा कोणीतरी हात द्यावा. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठीं झोळी चार बोटें उंच घेतली तरी चालेल. उतरतांना तें त्यांना सोईचें पडतें.

आतां सर्वांत महत्त्वाचें, तें मुलांविषयीं. तान्ह्या मुलाची मान सांवरलेली नसते. झोळींत त्याचें शरीर वांकतें, हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. रडावयासहि त्याला जोर राहत नाहीं. म्हणून तान्ह्याला निजवावयास सपाट, घट्ट अंथरूण हेंच खरें. कष्टकरी मातेला झोळीवांचून गत्यंतर नसतें, हें मी जाणतों. तिला नांवें ठेवण्याचा अधिकार सावलींत बसणाऱ्या आपणांपैकीं कोणाला नाहीं. तिची नजर तरी झोळीवर असते. आपल्या बागेंतली झोळी मात्र रिकामी लोंबत राहते आणि घर दुपारीं झोंपलेलें असतें. चार-पांच वर्षांचें मूल तींत एकटें शिरलें, गरगर फिरलें आणि पीळ मानेभोंवतीं बसला, तर हांक मारावयासहि त्याला सवड मिळत नाहीं. उठतांना झोळी सोडून गुंडाळून ठेवणें, हें काम अर्ध्या मिनिटाचें आहे. तेवढा आळस जो करील त्यानें झोळी आणूंच नये.

एवढी काळजी घेतल्यावर सुखाचाहि विचार करूं. हलक्या झोक्यानें झोंप लवकर लागते, हा आपल्या आयांचा अनुभव. जिनीव्हा विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत त्याला पुष्टि मिळाली. हळूहळू हालणाऱ्या बिछान्यावर दुपारीं निजलेल्या माणसांना स्थिर बिछान्यापेक्षां लवकर झोंप लागली. पण पहाटे मात्र एक चमत्कार होतो. वैशाखांतहि झोळींत पाठ गार पडते. अंगावर कितीहि पांघरलें तरी खालून वारा लागतच असतो. यासाठीं पांघरूण अंगावर नव्हे, अंगाखालीं घालावें. आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून झोळींत अंथरली कीं पाठ शेकली जाते. झोळी टांगण्याच्या कामीं आपण चादरीला नाहीं म्हटलें. तिचें खरें स्थान हें असें आंत आहे.

माझी झोळी आतां लिंबाचें झाड आणि मुरमांत रोवलेला खांब यांच्यामध्यें आहे. ती मध्यें चांगली अडीच फूट लोंबते, आणि पाहुणे म्हणतात, ‘जरा ताणून घ्या कीं!’ मी त्यांना वाळवणाची तार दाखवितों. दिसावयास नीटनेटकें तें बळकट, असा आपला एक समज असतो. झोळीच्या बाबतींत तो खोटा ठरतो. तींत निजणाराचें रक्षण दोर जितकें करतो, तितकेंच त्या दोराचें सैलपण करतें. तेव्हां यंदा झोळी घेण्याचा बेत असेल तर दुकानांत जाण्यापूर्वीं एकदां अंगणांत जावें, दोन आधार हात लावून पाहावे, मधलें अंतर मोजावें, आणि मग पिशवी उचलावी.